वाटेत जन्मलेल्या बाळाचं जन्मस्थान: डोंगा, बंडी, १०८ आणि जहाज

वैनगंगेला पूर होता. गडचिरोलीच्या बाजूच्या काठावरून एका बाळंतिणीला डोंग्यात घालून पलीकडे, ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात न्यायला निघाले होते. डोंगा मधोमध असतानाच पोरगी झाली. वैनगंगा इथे दोन जिल्ह्यांची शीव आहे, अलीकडे गडचिरोली आणि पलीकडे चंद्रपूर. आठ दिवसांनी पोरीचा बाप माझ्या टेबलासमोर उभा राहिला. मी तेव्हा अलीकडच्या गावात ग्रामसेवक होतो. तो म्हणाला, "साहेब, पोरगी तं मधात झाली नं, पाण्यावर. मंग गाव कोन्तं लिहाचं? आपलंच लिहा नं."

मलाही उत्तर ठाऊक नव्हतं. त्या रात्री नियमांचं पुस्तक काढून बसलो आणि त्यात एक ओळ सापडली. चालत्या वाहनात जन्म झाला, तर वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी त्याची माहिती द्यायची. खाली वाहन म्हणजे काय तेही दिलं होतं: जमिनीवर, पाण्यावर किंवा हवेत चालणारं कोणतंही. विमान, जहाज, होडी, रेल्वेचा डबा, मोटार, मोटारसायकल, गाडी, टांगा, रिक्षा. म्हणजे अरबी समुद्रातल्या जहाजाला आणि आमच्या डोंग्याला कायद्याने एकाच ओळीत बसवलं होतं. डोंगा पहिल्यांदा टेकला तो पलीकडच्या घाटाला, म्हणून नोंद पलीकडच्या गावात. मी त्या गावच्या ग्रामसेवकाला चिठ्ठी दिली आणि बापाला तिकडे पाठवलं.

नोकरीच्या काळात असे प्रसंग वारंवार आले. कोणाचं लेकरू जीपमध्ये झालं, कोणाचं वावरात, कोणाचं रेल्वेत, तर कोणाचं परराज्यात मिरची तोडायला गेलेलं असताना. नव्या आशाताई, नवे ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे) आणि पहिल्यांदाच आईबाप झालेले, सगळे इथेच अडतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा

आपल्या देशात जन्माची नोंद जन्म जिथे झाला तिथे होते, आईबाप राहतात तिथे नाही. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ चा हा पाया आहे आणि आपल्या राज्यात १९७० पासून तो लागू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी झालं तर नोंद माहेरच्या गावात. घर दारव्ह्याला आणि बाळंतपण यवतमाळच्या दवाखान्यात झालं, तर जन्मस्थान यवतमाळ. लोकांना हे खटकतं. "आमचं लेकरू, आमचं गाव" असं वाटणं साहजिक आहे. पण अर्जात तुमच्या गावासाठी वेगळी जागा आहे. आईवडिलांचा जन्माच्या वेळचा पत्ता, त्यांचा कायमचा पत्ता आणि आई राहते ते गाव, हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचं असतं. जन्मस्थानाच्या रकान्यात फक्त जन्माची जागा येते.

दुसरी भीती जातीच्या दाखल्याची. "लेकरू तेलंगणात झालं, आता दाखला मिळन का?" हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला. जातीचा दाखला बापाच्या, आजाच्या मूळ वास्तव्यावरून ठरतो. अनुसूचित जमातीसाठी १९५० चा पुरावा पाहतात, विमुक्त आणि भटक्यांसाठी १९६१ चा, इतर मागासवर्गासाठी १९६७ चा. बाळ वाटेत कुठे जन्मलं यावरून जात जात नाही. पण आजाचा पुरावा कुठून येतो ते आठवा. जुन्या कोतवाल बुकातून, गाव नमुना १४ मधून. त्या काळी कोतवालाने पोरगं कोणाचं, कुठलं, कधी झालं हे शाईने लिहून ठेवलं, म्हणून आज नातवाची पडताळणी होते. तुम्ही आज लिहाल तेही साठ वर्षांनी कोणीतरी असंच शोधणार आहे.

पहिली पायरी: त्याच वेळी चिठ्ठी करा

बाळंतीण आणि बाळ सुखरूप झाले की सोबतच्या एकाने लगेच कागदावर चार गोष्टी लिहाव्यात. कागद नसेल तर फोनवर आवाज रेकॉर्ड करा, पण लिहिलेलं केव्हाही बरं.

पहिली म्हणजे वेळ, मिनिटासकट. रात्री बाराच्या आसपासचा जन्म असेल तर तारीख याच कागदावर ठरते. बाराच्या आधी झालं की नंतर यावर बाप आणि मामा भांडताना मी पाहिले आहेत, कारण घड्याळ कोणीच पाहिलं नव्हतं. दुसरी म्हणजे जागा. "रस्त्यात" एवढं पुरत नाही. मागे कोणतं गाव गेलं, पुढे कोणतं होतं, नाला कोणता, किलोमीटरच्या दगडावर आकडा काय, ते लिहा. तिसरी, गाडीचा नंबर आणि चालकाचं नाव. १०८ ची सरकारी रुग्णवाहिका असेल तर गाडीतल्या डॉक्टरचंही. चौथी, हाताशी कोण होतं: आशा, दाई, नर्सबाई, सासू. कायद्याने सुईण आणि बाळंतपणाला हजर असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यानेही जन्म कळवायचा असतो, त्यामुळे त्यांचं नाव पुढे कामी येतं.

आशाताईंना माझी विनंती आहे की तुमच्या डायरीत ही नोंद त्याच दिवशी करा. जंगलातल्या रस्त्यावर, मोबाइलच्या उजेडात झालेल्या बाळंतपणाचा पहिला लेखी पुरावा बहुधा तुमची डायरीच असते.

दुसरी पायरी: नोंद कुठे करायची

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१०८ मध्ये जन्म झाला. आपल्या राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे आणि त्यात डॉक्टर असतो. मेळघाटात, भामरागड-एटापल्लीकडे, जिवतीच्या डोंगरात दवाखाना लांब आणि रस्ता वाईट, त्यामुळे गाडीतली बाळंतपणं नवलाची नाहीत. अनेकदा डॉक्टर गाडी बाजूला उभी करायला लावतात आणि मग बाळंतपण करतात. उभ्या गाडीत जन्म झाला तर ती धावती गाडी उरलीच नाही. ज्या गावाच्या शिवारात ती उभी होती ते जन्मस्थान, आणि नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत. चालत्या गाडीत झाला आणि गाडी थेट दवाखान्याच्या दारात थांबली, तर पहिला थांबा तोच.

व्यवहारात मात्र असं होतं की बाळंतीण दवाखान्यात दाखल होते आणि तिथल्या नर्सबाई इतर बाळंतपणांसारखाच जन्माचा अर्ज भरून टाकतात. ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत गर्दी असते, कुणाचा वाईट हेतू नसतो. पण केसपेपरवर "दाखल होण्यापूर्वी प्रसूती" असं लिहिलेलं असतं आणि जन्माच्या अर्जात जन्मस्थान म्हणून दवाखान्याचं नाव पडतं. एकाच बाळाच्या दोन कागदांवर दोन जागा होतात. म्हणून दाखल करतानाच सांगा, "बाई, लेकरू गाडीत झालं, अमुक ठिकाणी, इतके वाजता." तुमची चिठ्ठी दाखवा. १०८ च्या डॉक्टरने भरलेल्या कागदाची प्रत मागून घ्या. अर्ज दवाखान्याकडून जाणार की तुम्हाला ग्रामपंचायतीत जायचं आहे, ते सुट्टी होण्याआधी स्पष्ट विचारून घ्या.

भाड्याची जीप, ऑटो, बंडी म्हणजे बैलगाडी. इथेही पहिला थांबाच, आणि माहिती देण्याची जबाबदारी गाडीवानाची. पण भाड्याचा जीपवाला स्वतःहून ग्रामपंचायतीत जाऊन उभा राहील ही अपेक्षा धरू नका. त्याची सही घेऊन ठेवा आणि तुम्ही जा. बंडी घरचीच असेल तर प्रश्नच नाही, बंडी हाकणारा तोच माहिती देणारा.

एसटीत जन्म झाला तर वाहकाला बसचा नंबर, फेरी आणि वेळ लिहून द्यायला सांगा आणि पुढच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाला कळवा.

रेल्वेचं एक उदाहरण घेऊ. बल्लारशाहून नागपूरला जाणारी गाडी आहे. वरोरा मागे पडलं आणि बाळ झालं. गाडी पुढे हिंगणघाटला थांबली. वरोरा चंद्रपूर जिल्ह्यात, हिंगणघाट वर्धा जिल्ह्यात. नोंद हिंगणघाटला, नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात. जन्मस्थानाच्या रकान्यात "धावत्या रेल्वेत, वरोरा ते हिंगणघाट दरम्यान" आणि गाडीचा नंबर लिहावा. स्टेशन मास्तरांना कळवल्याशिवाय आणि त्यांच्याकडून काहीतरी लेखी घेतल्याशिवाय स्टेशन सोडू नका. तिकीट जपून ठेवा. त्या दिवशी तुम्ही त्याच गाडीत होतात याचा दुसरा पुरावा नसतो.

वावरात किंवा जंगलात झालं तर वाहनाचा नियम लागत नाही. ज्या गावाच्या शिवारात वावर, ते जन्मस्थान. आता कापूस वेचायला बाई शेजारच्या गावात गेली होती आणि धुऱ्यावरच बाळंत झाली, तर नोंद शेजारच्या गावात. वीटभट्टीवरचं तसंच, भट्टी ज्या ग्रामपंचायतीत ती ग्रामपंचायत. आणि बेवारस नवजात बाळ कुठे सापडलं तर कायद्याने कळवण्याची जबाबदारी गावात गावप्रमुखाची आणि इतर ठिकाणी ठाणेदाराची आहे. आपल्याकडे लोक आधी पोलीस पाटलाकडेच धावतात, ते बरोबर आहे.

जुळ्यांचं एक सांगून ठेवतो. प्रत्येक बाळाचा अर्ज वेगळा असतो. एक पोर गाडीत आणि दुसरं दवाखान्यात पोचल्यावर झालं, तर सख्ख्या जुळ्या भावंडांची जन्मस्थानं दोन. ते चूक नाही. "दोघांचं सारखंच करून टाका" असा आग्रह धरू नका.

बाळ जन्मून काही वेळाने गेलं तर त्याच्या जन्माची आणि मृत्यूची, दोन्ही नोंदी होतात. पोटातच गेलं असेल तर मृत जन्माचा अर्ज वेगळा आहे. अशा वेळी घरच्यांना कागद सुचत नाहीत आणि सुचू नयेतच. आशाताईने किंवा गावातल्या जाणत्या माणसाने हे काम अंगावर घ्यावं.

दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवू लागली तर काय? दोन्हीकडे अर्ज टाकून मोकळे होऊ नका. एका बाळाच्या दोन नोंदी झाल्या की निस्तरायला वर्षं जातात. ज्या कार्यालयाने नाही म्हटलं त्याच्याकडून कारण लिहून मागा आणि तो कागद घेऊन जिल्हा निबंधकाच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या प्रमुखाच्या, कार्यालयात जा. हद्दीचा वाद सोडवणं त्यांचं काम आहे.

तिसरी पायरी: अर्ज भरताना

अर्जाचा नमुना क्रमांक १. त्याचा एक भाग कायदेशीर नोंदीसाठी असतो आणि दुसरा आकडेवारीसाठी. नोंद आता संगणकावर होते, पण विचारतात त्याच गोष्टी. आईवडिलांचे आणि माहिती देणाऱ्याचे आधार क्रमांक असतील तर द्यावे लागतात.

नावं आधार कार्डावर जशी आहेत तशीच लिहा, वेलांटी-उकारासकट. आपल्याकडे आईचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, शाळेत तिसरंच, असं सर्रास असतं. कोणतं नाव चालवायचं ते घरी ठरवून मगच कार्यालयात या.

बाळाचं नाव ठरलं नसेल तर नोंद अडवून ठेवू नका. बारसं व्हायचं आहे म्हणून दीड महिना थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. नावाचा रकाना कोरा ठेवून नोंद होते. नाव बारा महिन्यांपर्यंत फुकट टाकता येतं आणि त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत थोडं शुल्क भरून.

जन्मस्थानाचा रकाना भरताना खरं लिहा आणि पुरेसं लिहा. "१०८ रुग्णवाहिकेत", पुढे गाडीचा नंबर, त्यापुढे जवळचं गाव, तालुका, जिल्हा. पासपोर्टच्या अर्जात पुढे गाव, जिल्हा आणि राज्य असंच विचारतात, त्यामुळे नुसतं "रुग्णवाहिका" लिहून भागत नाही.

माझ्याच हातून एकदा चूक झाली, ती सांगतो. एक बाळ जीपमध्ये, दुसऱ्या तालुक्यात झालं होतं. बाप माझ्या ओळखीचा. तो हातापाया पडला की आपल्याच गावात, घरी जन्म झाला असं लिहा, तिकडे जायला मजुरी बुडते. मला दया आली आणि मी तसं लिहिलं. पुढे ते पोरगं आजारी पडलं, दवाखान्याचे जुने कागद निघाले, त्यावर वेगळी जागा आणि वेगळी तारीख. जन्मदाखला खोटा आहे की काय अशी शंका आली आणि त्या बापाला जितकी मजुरी मी वाचवली होती त्याच्या कितीतरी पट हेलपाट्यांत गेली. खोटी माहिती देणं हा या कायद्याखाली गुन्हाही आहे. तेव्हापासून मी कोणासाठीच गाव बदललं नाही, सख्ख्या भाच्यासाठीसुद्धा नाही.

चौथी पायरी: एकवीस दिवस

जन्मापासून २१ दिवसांच्या आत माहिती दिली तर काहीच शुल्क नाही. २१ ते ३० दिवसांत थोडं विलंब शुल्क. ३० दिवसांनंतर वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. कोणाकडे अर्ज करायचा ते ग्रामपंचायतीत सांगतात. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी हे काम कोर्टात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आलं आहे. त्यासाठी आधी नोंद नसल्याचा दाखला काढावा लागतो. उशिराच्या नोंदींची तपासणी आपल्या राज्यात आता फार बारकाईने होते, पुरावे मागतात आणि प्रकरण लांबतं. वाटेत जन्मलेल्या बाळाचा पुरावा मुळात तोकडा, त्यात वर्षभराने तो जीपवाला कुठला सापडायला?

हीच दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थान यांचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरतात, शाळेपासून वाहन परवाना, मतदार यादी, लग्नाची नोंद, सरकारी नोकरी आणि पासपोर्टपर्यंत. आमच्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी अंदाजे टाकलेली एक जूनची तारीख चालून गेली. तुमच्या लेकरांना ती सोय नाही.

हद्द ओलांडून कामाला गेल्यावर

हंगामात आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडची माणसं कुटुंबासकट तेलंगणात मिरची तोडायला जातात. धारणीकडची माणसं मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरकडे उतरतात. तिकडे बाळ झालं तर नोंद तिकडेच होते, तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात, आणि दाखला तिकडच्या भाषेत मिळाला तरी तो आपल्याकडे चालतो. कायदा सगळ्या देशाला एकच आहे. अडचण एवढीच की हंगाम संपला की सगळे ट्रकमध्ये बसून परत निघतात आणि नोंद राहून जाते. घरी आल्यावर आपल्या ग्रामसेवकाला ती करता येत नाही. म्हणून मुकादमाला किंवा शेतमालकाला सोबत घेऊन तिथे असतानाच नोंद उरका आणि दाखला हातात घेऊनच निघा. परतीच्या वाटेवर ट्रकमध्येच बाळ झालं, तर जन्म हद्दीच्या अलीकडे की पलीकडे झाला आणि त्यानंतर ट्रक पहिल्यांदा कुठे थांबला, या दोन्ही गोष्टी चिठ्ठीत हव्यात.

आणि समुद्रावर झालं तर

विदर्भात समुद्र नाही, पण विदर्भातली पोरं आता व्यापारी जहाजांवर आहेत आणि काहींच्या बायका काही महिने त्यांच्यासोबत जहाजावर राहतात. त्यांच्या घरून मला फोन येतात, म्हणून हेही सांगतो. तत्त्व डोंग्याचंच आहे, फक्त घाट लांब असतो.

भारताचा प्रादेशिक समुद्र किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. मुंबईच्या गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये बाळ झालं तर सरळ पहिल्या थांब्याचा नियम, लाँच ज्या धक्क्याला लागेल तिथली नोंद.

त्यापुढे खोल समुद्रात जहाज कोणत्या देशात नोंदलेलं आहे ते महत्त्वाचं ठरतं. आपल्या नागरिकत्व अधिनियम, १९५५ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की नोंदणीकृत जहाजावर किंवा विमानात जन्मलेली व्यक्ती, ते जहाज किंवा विमान जिथे नोंदलेलं आहे तिथे जन्मली असं मानायचं. म्हणजे मुंबईत नोंदलेलं जहाज भर हिंदी महासागरात असलं तरी नागरिकत्वाच्या हिशेबापुरतं बाळ मुंबईत जन्मलं. जहाज पनामा किंवा लायबेरियाच्या झेंड्याखालचं असेल, आणि व्यापारी जहाजं मोठ्या संख्येने तशी असतात, तर आपला कायदा त्या बाळाचा जन्म परदेशात झाला असं धरतो. पनामा त्याला आपला नागरिक मानतो की नाही, हा पनामाच्या कायद्याचा प्रश्न. तुम्ही तुमच्या बाजूने कागद पक्के करा.

ते असे. कप्तान जहाजाच्या अधिकृत नोंदवहीत जन्म लिहितो. त्यात तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, जहाजाचं नाव आणि नोंदणीचं बंदर, आईवडिलांची नावं आली पाहिजेत. वेळेच्या बाबतीत इथे विशेष जपा. जहाज पूर्व-पश्चिम जाताना घड्याळ पुढे-मागे करतं, म्हणून जहाजावरची वेळ आणि जागतिक वेळ दोन्ही लिहून घ्या. त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत घ्या. पुढच्या बंदरात उतरल्यावर आईबाळाला दवाखान्यात दाखवा आणि जवळच्या भारतीय वकिलातीला कळवा. परदेशात जन्मलेल्या बाळाला वंशाने भारतीय नागरिकत्व हवं असेल तर वकिलातीत एक वर्षाच्या आत नोंद करावी लागते आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष गेलं तर केंद्र सरकारची परवानगी. आईवडील तिथे नोंद न करताच भारतात कायमचे राहायला परतले, तर आल्यापासून ६० दिवसांत इथे जन्मनोंद करता येते, १९६९ च्या कायद्यात तशी वेगळी तरतूद आहे.

प्रत्येक देश जन्मस्थान आपापल्या रीतीने लिहितो. अमेरिकेच्या पासपोर्टवर खोल समुद्रातल्या जन्मासाठी "समुद्रावर" या अर्थाचे शब्द छापतात, विमानातल्या जन्मासाठी "आकाशात". राज्यविहीनता कमी करण्यासाठी १९६१ मध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला. जहाजावरचा जन्म झेंड्याच्या देशात झाला असं धरावं, हे त्यात त्या कराराच्या कामापुरतं घातलं आहे, म्हणजे लेकराला कोणताच देश नाही असं होऊ नये. भारत त्या करारात नाही, पण आपल्या नागरिकत्व कायद्यातली तरतूद त्याच वाटेने जाते.

ही वेळ सहसा येत नाही, कारण प्रवासी जहाजं २४ आठवड्यांच्या पुढच्या गर्भवतीला बहुधा घेतच नाहीत. पोरगा सुनेला जहाजावर नेतो म्हणाला, तर आधी महिने मोजा.

पाचवी पायरी: दाखला हातात आल्यावर

नोंद झाली की माहिती देणाऱ्याला पहिला दाखला फुकट मिळतो. कायद्याने तो सात दिवसांत द्यायचा असतो. तो घडी घालून खिशात टाकू नका. तिथेच उभं राहून बाळाची तारीख, आईबापाची नावं, जन्मस्थान आणि कायमचा पत्ता मोठ्याने वाचा. वाचता येत नसेल तर सोबतच्याला वाचायला सांगा, त्यात कसलाही कमीपणा नाही. लिहिण्यातली चूक निबंधक दुरुस्त करतो. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही करतात. जागा किंवा तारीख यांसारखी मोठी चूक असेल तर ती घटना माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं लेखी निवेदन लागतं. डोंगा वल्हवणारा, जीपचा चालक, आशाताई, दाई ही ती माणसं. म्हणून पहिल्या चिठ्ठीत त्यांची नावं हवीत.

दलाल लागतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. वेळेवरच्या नोंदीला पैसे लागत नाहीत, आणि उशीर झाला तरी सरकारी शुल्काची पावती मिळते. पावती नसेल तर पैसे देऊ नका.

दाखल्याच्या दोन जादा प्रती काढून एक माहेरी आणि एक सासरी ठेवा, कारण आपल्याकडे पुराने आणि आगीने एकाच घरातले सगळे कागद गेल्याचं मी पाहिलं आहे. आणि मूळ दाखल्याला लॅमिनेशन करू नका. मागच्या बाजूला कधी शिक्का मारायची वेळ आली तर तो मारता येत नाही आणि प्लॅस्टिक काढताना कागदावरची सही निघून येते. साधी प्लॅस्टिकची पिशवी पुरते, त्यातच वेळ, जागा आणि गाडीचा नंबर लिहिलेली ती पहिली चिठ्ठीही घालून ठेवा.